बाळाचा नको, आजोबांच्या हाताचा एक्स-रे काढा

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचा आहे. मुलगी तीन महिन्यांची, नोव्हेंबर २०२५ अखेरची. दोन्ही हातांची बोटं आखूड, पायांचीही थोडी. बाकी दूध पिते, हसते, वजन ठीक. तालुक्याच्या दवाखान्यात चिठ्ठीवर ‘ब्रॅकिडॅक्टिली’ एवढंच लिहून दिलं आणि मोठी झाली की पाहू म्हणाले. घरी आजीचं म्हणणं असं की सप्टेंबरच्या ग्रहणात सुनेनं विळीवर भाजी चिरली म्हणून हे झालं. सून तेव्हापासून गप्प आहे. शेवटी जाता जाता एक वाक्य: ‘आमच्या बाबांची बोटं पण आखूडच आहेत, पण ते जन्मभर शेतात राबले, त्यानं झिजली असतील.’ हा रोग आहे का, बोटं वाढतील का, ऑपरेशन लागेल का, पुढच्या लेकराला होईल का आणि पोरीच्या लग्नाचं काय, असे पाच प्रश्न आहेत.

भाऊ, पाचही प्रश्नांची उत्तरं देतो. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, तेही सहज टाकलंय, म्हणून आधी तेच उचलतो. राबून बोटं झिजत नाहीत. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात हाडांचा डॉक्टर म्हणून माझी २७ वर्षं गेली. शेतकऱ्यांचे हात जितके पाहिले तितके चेहरे पाहिले नसतील. कष्टानं कातडी जाड होते, नखं फुटतात, सांधे फुगतात, थ्रेशरमध्ये एखादं बोट जातं. पण दहाही बोटं सारखीच आखूड करायची ताकद ना वखरात आहे ना डवऱ्यात. तशी असतील तर ती बहुधा जन्मापासूनचीच. म्हणजे तुमच्या बाबांचे हात आणि मुलीचे हात ही एकच गोष्ट असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसं असेल तर तुमचं अर्धं निदान तुमच्याच ओसरीवर बसलेलं आहे.

आता तो शब्द. तो ग्रीकमधून आला. ‘ब्रॅकिस’ म्हणजे आखूड, ‘डॅक्टिलोस’ म्हणजे बोट. तुम्ही जे डोळ्यांनी पाहून दवाखान्यात गेलात तेच डॉक्टरांनी परदेशी भाषेत परत लिहून दिलं, एवढंच. ताप हा जसा स्वतः आजार नसतो, तो कशाचा हे शोधावं लागतं, तसंच या शब्दाचं. बहुतेक घरांत तो नाक-डोळ्यांसारखा वारशानं आलेला हाताचा घाट असतो आणि त्यापलीकडे काही नसतं. थोड्या घरांत त्याच्यासोबत शरीरात दुसरंही काही असतं. आपल्याला फक्त हे दोन वेगळे करायचे आहेत.

बोटासाठी आपल्याकडे ‘पेर’ हा फार नेमका शब्द आहे. ज्वारीच्या धांड्याला असतात तशीच बोटाला पेरं. अंगठ्याला दोन, बाकी चार बोटांना तीन-तीन, म्हणजे एका हाताला १४. त्यांच्या मागे तळव्यात पाच लांब हाडं असतात. त्यांचीच टोकं मूठ वळली की गाठींसारखी वर येतात. या प्रत्येक हाडाच्या एका टोकाला लहानपणी कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक हाडाची, एक पट्टी असते. तिथल्या पेशी वाढत जातात आणि मागे हाड तयार होत जातं. ही पट्टी मुळातच मंद चालली किंवा वेळेआधी बंद पडली की ते पेर आखूड राहतं. बोटं आखूड आहेत एवढ्यानं मला काही कळत नाही. कोणतं पेर आखूड आहे यावर सगळं ठरतं.

ते घरी पाहता येतं. सगळे जमले असतील तेव्हा चटईवर बसा: तुम्ही, पत्नी, आई-बाबा, जमलं तर काका-आत्यासुद्धा. तळवे वर करा. अंगठा सोडून प्रत्येक बोटावर आतून तीन घड्या दिसायला हव्यात. जुनी माणसं या पेरांवरच जप मोजतात. काही वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी आलेल्या एका आजोबांना मी सहज म्हटलं, मोजून दाखवा. ते म्हणाले, “तीन काहून? मले तं दोनच लागते. मी रामनाम दोनावरच मोजतो.” शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, “म्हनूनच ह्याचा जप लवकर सरते.” एक्स-रे काढला तर मधली पेरं ज्वारीच्या दाण्याएवढी आणि काही बोटांत टोकाच्या पेराला चिकटलेली. सांधाच नाही, म्हणून घडीही नाही. सत्तरी ओलांडेपर्यंत त्यांना स्वतःला हे माहीत नव्हतं.

मधली पेरं अशी सगळ्या बोटांत लहान असतील तर त्याला ‘ए-१’ प्रकार म्हणतात. करंगळीचं टोक साधारणपणे अनामिकेच्या शेवटच्या घडीपर्यंत पोहोचतं. फक्त करंगळी त्याच्या बरीच खाली राहत असेल आणि आत वळलेली असेल तर तो ‘ए-३’. अंगठ्याचं टोकाचं पेर आखूड, रुंद आणि नख उंचीपेक्षा जास्त पसरट असेल तर ‘डी’. हे शेवटचे दोन इतके सर्रास सापडतात की कोणत्याही पंगतीत बसा, एखादा तरी हात दिसेल. ‘डी’वाल्यांना काही जण हातावरच्या रेषा वाचून रागीट ठरवतात, माझ्या दवाखान्यातला सगळ्यात शांत कंपाउंडर याच अंगठ्याचा आहे, आणि रेशनच्या मशीनवर त्याचा ठसा पहिल्या फटक्यात उमटतो. टोकाची पेरं आणि नखंच नसतील किंवा अगदी खुरटी असतील तर ‘बी’. ‘सी’मध्ये अनामिकाच सगळ्यात लांब दिसते, कारण इतर बोटं मागे राहतात. आणि मूठ वळल्यावर चौथ्या-पाचव्या गाठीच्या जागी उंचवटा न येता खळगा पडत असेल तर तळव्यातलं हाड आखूड आहे: हा ‘ई’. ही अक्षरं ज्यूलिया बेल या ब्रिटिश संशोधक बाईंनी १९५१ साली लावली. बाई मूळच्या गणिताच्या. त्यांची मांडणी आजही आम्ही वापरतो.

या विषयाला वैद्यकाच्या इतिहासात एक मान आहे, तो सांगण्याचा मोह आवरत नाही. मेंडेलनं वाटाण्यांवर काढलेले आनुवंशिकतेचे नियम माणसालाही लागू पडतात हे एखाद्या घराण्याच्या वंशावळीतून पहिल्यांदा दाखवलं गेलं ते आखूड बोटांवरच. फॅराबी नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं पेनसिल्व्हेनियातल्या एका कुटुंबाच्या पिढ्या मांडल्या आणि १९०५ साली ते प्रसिद्ध केलं. २००१ साली ‘ए-१’ प्रकारामागचं एक जनुक सापडलं. त्याचं नाव ‘इंडियन हेजहॉग’. आपल्या देशाला दोष देऊ नका. ते एका काटेरी प्राण्याच्या जातीचं नाव आहे. कूर्चेच्या पेशींनी कधी वाढायचं आणि कधी थांबायचं याचा निरोप हे जनुक देतं.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही, पण गावात कोणीतरी मनात नक्की आणली असेल. आपल्या भागात आखूड बोटं दिसली की लोकांना आधी महारोग आठवतो. त्याला कारण आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांचं काम सुरू केलं, अमरावतीला तपोवन झालं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं. विदर्भातल्या दोन-तीन पिढ्यांनी ते हात जवळून पाहिले आहेत. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुष्ठरोगात बोटं जन्मतः नीट असतात. नस बधिर होते, चटका लागलेला कळत नाही, जखमा होत राहतात, आणि वर्षानुवर्षं हाड आतल्या आत विरत जातं. बोट ‘झडत’ नाही, ते न कळलेल्या जखमांनी संपतं. जन्मजात आखूड बोटात संवेदना शाबूत असते.

एका गावातल्या अंगणवाडी मदतनीस बाईंना माझ्याकडे आणलं होतं. त्यांची बोटं आखूड, नखं बारकी, म्हणून काही आयांनी तक्रार केली की हिच्या हातची खिचडी लेकरांना नको. बाई ११ वर्षं स्वयंपाक करत होत्या, तक्रार करणाऱ्यांची मोठी मुलं त्यांच्याच हातचं जेवून शाळेत गेली होती. मी सोबतच्या दोघींना पुढे बसवलं, बाईंना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची एक बारीक वात करून बोटांवर कुठे कुठे टेकवली. बाई दर वेळी अचूक बोट उचलून दाखवायच्या. मग तीच वात मी त्या दोघींवर चालवली. शेतात काम करून घट्टे पडलेल्या त्यांच्या बोटांना दोनदा कळलंच नाही. त्यानंतर खोलीत कोणी काही बोललं नाही. बाईंच्या हाताला काहीही संसर्गजन्य नाही असं मी लेटरहेडवर लिहून दिलं, ते त्यांनी अंगणवाडीच्या भिंतीवर लावलं. तुमच्या बाबांना ही वात लावून पाहा. त्यांना सगळं कळत असेल आणि अंगावर कुठे बधिर चट्टा नसेल, तर हा विषय तिथेच सोडा.

ग्रहणाचं. ७ सप्टेंबर २०२५चं चंद्रग्रहण रात्री दहाच्या सुमारास लागलं आणि खग्रास झालं अकरा वाजता. अकरा वाजता तुमच्या घरी कोणती भाजी चिरत होते? आई म्हणतील, वेध दुपारपासून होते. बरं, वेध धरू. पण तुमची मुलगी तेव्हा सातव्या महिन्यात होती. गर्भ चार आठवड्यांचा होतो तेव्हा हाताची कळी फुटते, सहाव्यात तळव्यावर बोटांच्या रेघा दिसतात, आठव्यापर्यंत बोटं सुटी होतात. हिशेब केला तर तुमच्या मुलीची बोटं एप्रिल संपेपर्यंत वेगळी झाली होती, ग्रहणाच्या चार महिने आधी. आणि आखूड राहायचं की नाही हा निरोप तर त्याच्याही आधी, पहिल्या पेशीतच होता.

तो निरोप कुठून आला ते मी आता सांगतो, पण ते आईंना हळू सांगा. बाबांना आणि मुलीला एकच प्रकार असेल, तर तो तुमच्यातूनच गेला आहे. बोट दाखवलं सुनेकडे आणि बोटं आली सासऱ्यांकडून. ‘माझी बोटं तर ठीक आहेत’ असं तुम्ही म्हणाल. तुमची मूठ वळून पाहा, करंगळी पाहा, पायाची बोटं पाहा. एकाच घरात एकाचे दहाही आखूड, दुसऱ्याची फक्त करंगळी, तिसऱ्यात नजरेला काहीच नाही पण जनुक आहे, असं अनेक प्रकारांत होतं. म्हणून मी म्हणतो, आधी पत्नीला सांगा. आज रात्रीच. बाळंतपणानंतर तीन महिने मनावर हे ओझं घेऊन अंगावर पाजणाऱ्या बाईला कॅल्शियमच्या बाटलीपेक्षा याची गरज जास्त आहे.

पुढच्या मुलाचं उत्तरही यातच आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. या प्रकारांत बदललेली एकच प्रत पुरते. लोट्यात दोन चिठ्ठ्या आहेत असं समजा. प्रत्येक गरोदरपणात त्यातली एक निघते, आणि चिठ्ठ्या परत लोट्यात जातात. पहिलीला निघाली म्हणून दुसऱ्याला निघणार नाही असं नाही, आणि निघेलच असंही नाही. दर वेळी निम्मी शक्यता. सोनोग्राफीत एवढी लहान पेरं बहुतेक वेळा दिसत नाहीत आणि ती शोधण्यासाठी हट्ट करण्यासारखं त्यात काही नाही.

एकाच हाताची बोटं आखूड, जुळलेली किंवा दोऱ्यानं आवळल्यासारखी असतील तर प्रकरण वेगळं. ते सहसा वारशानं येत नाही, आणि तिथे आम्ही छातीचा स्नायू दोन्ही बाजूंनी सारखा आहे का हे पाहतो. तुमच्या मुलीचे दोन्ही हात सारखे आहेत, म्हणून त्यात शिरत नाही.

काळजी कुठे घ्यायची? इथे मी माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत १५ वर्षांची एक मुलगी बोट मोडून आली. एक्स-रेत मोडलेलं हाड दिसलं, ते बसवलं. त्याच एक्स-रेत तळव्यातलं चौथं हाड आखूड होतं. मी ते पाहिलं, ‘ई’ प्रकार असेल म्हटलं, आणि सोडून दिलं. मुलगी वर्गात सगळ्यात बुटकी होती, पाळी आली नव्हती. मी विचारलंच नाही. दोन वर्षांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तिला टर्नर सिंड्रोम निघाला. मुलींमधल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक नसणं किंवा अपुरं असणं म्हणजे टर्नर. उंचीसाठीचे उपचार जितके लवकर तितके चांगले, आणि त्यातली दोन वर्षं माझ्यामुळे गेली. तेव्हापासून मी नुसत्या हाताचा कागद कोणाला देत नाही.

म्हणून तुमच्या मुलीची बालरोगतज्ज्ञाकडून एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करून घ्या. मानेवर जास्तीची त्वचा, जन्मतः पावलांवर सूज, हृदयाचा आवाज, ऐकू येणं. पुढे दर सहा महिन्यांनी उंची-वजन अंगणवाडीत लिहून घ्या. काही प्रकारांत उंची थोडी कमी राहते, त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण वाढीच्या तक्त्यावरची रेघ एकदम खाली वळली तर कळायला हवं. मूल गोल चेहऱ्याचं, जाड, बुटकं होत गेलं, कातडीखाली खड्यासारख्या कडक गाठी लागल्या, हातपाय आखडले किंवा झटके आले, तर रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड (गळ्यातल्या बारक्या ग्रंथींचा, कॅल्शियम सांभाळणारा रस) आणि थायरॉइड तपासायचं. एका आजारात शरीर पॅराथायरॉइडचा निरोप ऐकतच नाही आणि तळव्यातली चौथी-पाचवी हाडं आखूड राहतात. तो दुर्मीळ आहे, पण औषधानं आटोक्यात राहतो, म्हणून माहीत असावा. यातलं काही दिसलं तर जनुकतपासणीचा विचार करू. आत्ता, नुसत्या आखूड बोटांसाठी, त्यावर हजारो रुपये घालवू नका.

आणि बाबांचा बीपी मोजा. हसू नका. आखूड बोटं आणि लहान वयातला तीव्र रक्तदाब एकत्र चालणारी घराणी आहेत. त्यातलं पहिलं तुर्कस्तानात १९७३ साली नोंदलं गेलं. उपचार न घेतलेली माणसं पन्नाशीच्या आतच पक्षाघातानं जायची. तुमचं घर त्यातलं आहे असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण उपकेंद्रात पट्टा बांधायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. तुमचाही मोजा.

बोटं वाढतील का? अंगाबरोबर वाढतील, पण इतरांच्या प्रमाणात आखूडच राहतील. मालीश खुशाल करा, पण बोटं ओढायची नाहीत. ओढून हाड लांबत नाही, बाळाचा सांधा मात्र सैल होतो. कोणी वैदू पट्ट्या बांधायला सांगेल, तेही नको. कॅल्शियमच्या सिरपचा याच्याशी संबंध नाही. ऑपरेशन बहुतेकांना कधीच लागत नाही. बोटं जुळलेली असतील तर ती सोडवतात, फार वाकडी असतील आणि काम अडत असेल तर सरळ करतात. हाड कापून बाहेरून चौकट लावून लांबवता येतं, दिवसाला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. महिनोन्‌महिने तारा बाहेर, जंतुसंसर्गाची भीती, शेवटी सांधा ताठर व्हायची शक्यता. एका वडिलांनी मुलीच्या पायाच्या चौथ्या बोटासाठी माझ्याकडे हे मागितलं होतं. पाहुणे बघायला यायचे तेव्हा ती पायमोजे घालून बसायची. मी मुलीला विचारलं, दुखतं का, चप्पल टोचते का? म्हणाली, नाही. मग मी केलं नाही. दुखत असतं तर केलं असतं. पुढे तिचं लग्न झालं, जोडवी दुसऱ्या बोटात घालतात, ती बसली. लग्नाच्या प्रश्नावर माझ्याकडे याहून जास्त काही नाही, आणि तीन महिन्यांच्या लेकराच्या बाबतीत तो विचारूही नये असं माझं मत आहे.

हातानं काम होतं का, हे मात्र विचारा. चिमूट जमते का, पेन धरता येतो का, बोंडातला कापूस वेचता येतो का. आखूड बोटांची पकड सहसा चांगलीच असते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं कोणी सुचवेल. पकड चांगली असेल तर नुसत्या आखूड बोटांवर ते ४० टक्क्यांपर्यंत सहसा जात नाही, त्यासाठी खेटे घालू नका. शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना मुलगी दाखवा आणि नोंद करून घ्या. गरज पडली तर ते जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात पाठवतात, आणि तिथला खर्च तुमच्या माथी येत नाही.

राहिला एक्स-रे. तीन महिन्यांच्या बाळाच्या हाताची बरीचशी रचना अजून कूर्चेचीच असते, ती फिल्मवर दिसत नाही. पेरांच्या टोकांची केंद्रं वर्षा-दोन वर्षांनी उमटायला लागतात, आणि तळव्यातलं हाड आखूड असेल तर ते त्याहूनही उशिरा लक्षात येतं. आत्ता काढलेल्या फिल्मवर कोणी ठाम प्रकार लिहून दिला तर मी विश्वास ठेवणार नाही. मुलीचा चौथ्या-पाचव्या वर्षी काढू. बाबांची हाडं मात्र पूर्ण वाढलेली आहेत, त्यात कोणतं पेर लहान ते एका फिल्मवर सरळ दिसेल. दोन्ही हातांची एक आणि पावलांची एक, एवढं पुरे. यायला बाजाराचा दिवस टाळा. उपाशी यायची गरज नाही, आणि बाबांना बीपीची गोळी आधीपासून चालू असेल तर सकाळची घेऊनच आणा.